हिरडीनं बाळसं धरावं म्हणून: नवशिक्या रुग्णासाठी मार्गदर्शिका

साहित्य: टायटॅनियमचा एक स्क्रू (म्हणजे इम्प्लांट, जबड्यात आधीच बसवलेला), एक टाळू (स्वतःचा) आणि दोन आठवडे गप्प बसू शकणारा एक माणूस. पहिल्या दोन वस्तू सहज मिळतात.

घरचे विचारणारच, "इम्प्लांट झालं ना, मग आता कसलं ऑपरेशन?" त्यांना स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांची गोष्ट सांगा. १९५२ साली ते सशाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवून रक्ताभिसरण बघत होते. काम संपल्यावर काढायला गेले, तर निघेना. हाडानं ते धरून ठेवलं होतं. १९६५मध्ये तोच धातू माणसाच्या जबड्यात गेला. थोडक्यात, हाड राजी आहे. कुरबुर आहे ती हिरडीची. खऱ्या दाताच्या मुळात तिचे तंतू आडवे रुतलेले असतात. स्क्रूच्या कडेनं ते नुसते उभे राहतात, धरत काहीच नाहीत. रक्तपुरवठाही इथे कमी. त्यात हिरडी पातळ आणि हलती असली की ब्रश झोंबतो, झोंबतो म्हणून माणूस ब्रश टाळतो, मग किटण, सूज आणि शेवटी हाडाची झीज. म्हणून घट्ट, न हलणाऱ्या हिरडीची निदान २ मिमी पट्टी हवी, असं बरेच तज्ज्ञ सांगतात. ती नसेल तर दुसरीकडून आणून लावतात; हेच ते ऑपरेशन.

पायरी पहिली: निदान स्वतः करू नका. ओठ ओढल्यावर इम्प्लांटजवळची हिरडीही हलते का, हे डॉक्टर बघतील. तुम्ही फक्त आ करा.

पायरी दुसरी: माल निवडा. टाळूवरची पट्टी वरच्या कातडीसकट काढून इम्प्लांटजवळ लावली तर हिरडी चांगली रुंद होते, पण ती जागा सायकलच्या ट्यूबवरच्या ठिगळासारखी फिकट दिसते. खाली, मागच्या दाढेपाशी कोण बघतंय? समोर मात्र कातडीखालचा थर घेतात. दंतवैद्य लँगर यांनी ही रीत १९८५ साली मांडली. रंग जुळतो आणि हिरडी जाड होते. टाळू द्यायचा नसेल तर डुकरापासून बनवलेलं कोलॅजनही मिळतं. चातुर्मास पाळणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावं, टाके पडल्यावर नव्हे.

पायरी तिसरी: ऑपरेशन. भूल, दीडेक मिलिमीटर जाडीचा तुकडा, टाके. इथे तुमचं काही काम नाही.

पायरी चौथी: गप्प बसा. सगळी परीक्षा इथे आहे. लावलेल्या तुकड्याला पहिले दोन-तीन दिवस स्वतःचा रक्तपुरवठाच नसतो. खालच्या जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावर तो तग धरतो. मग बारीक वाहिन्या त्यात शिरू लागतात. नेमक्या याच दिवसांत भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "बघू, बघू." ओठ उचलून दाखवू नका. तुकडा जरा सरकला की नव्या वाहिन्या तुटतात आणि तो मरतो. जीभही लावू नका. ती आपणहून तिकडे जाते, तिला आवरा. स्ट्रॉ नको. सिगारेट, तंबाखू, मिश्री अजिबात नको. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात. "मिश्री तर दातांसाठीच आहे" हा युक्तिवाद डॉक्टरांनी आधी ऐकलेला आहे. दहीभात, गार झालेली मऊ खिचडी चालेल. भाकरी आणि चिवडा समोर ठेवूच नका.

दुखेल ते बहुधा हिरडीत नव्हे, टाळूत. पट्टी कातडीसकट काढली असेल तर ती उघडी जखम भरायला दोन ते चार आठवडे लागतात. डॉक्टर टाळूवर प्लास्टिकची पातळ तबकडी देतील. ती लावून बोलताना तुमचा 'ट' आणि 'ठ' घरात करमणुकीचा विषय होईल. क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्यांनी चहाची चव बिघडते, दातांवर तपकिरी डाग पडतात. डाग नंतर निघतात. चहाची तक्रार कुणाकडे करायची, ते तुम्ही ठरवा.

पहिल्या आठवड्यात तुकडा पांढुरका दिसून त्याचा पापुद्रा निघू लागला, तर "सडलं" म्हणून ओरडू नका आणि खरवडूही नका. वरची कातडी गळून नवी येते. रक्त थांबत नसेल किंवा ताप आला, तर मात्र गुळण्या करत बसू नका, फोन करा.

दहा-चौदा दिवसांनी टाके निघतील, काही महिन्यांनी पट्टी मोजली जाईल. कातडीसकट लावलेला तुकडा आकसतो, म्हणून डॉक्टर तो आधीच मोठा घेतात. तरीही कमी भरलाच, तर ते दिवा सरकवून टाळूच्या दुसऱ्या बाजूकडे बघू लागतील.