औंधात होडी!

अहो, ऐकलंत का? जरा कुंपणाजवळ या, मोठ्यानं नको. पलीकडच्या भाऊजींच्या अंगणात त्या निळ्या ताडपत्रीखाली काय आहे, कळलं का तुम्हाला? होडी! चांगली सोळा फुटी, फायबरची. औंधात! आपल्या नळाला पाणी यायची मारामार, आणि ह्यांच्या दारात होडी.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं उलटी घालून आणली, तेव्हा अख्खी आळी बाहेर आली होती. कट्ट्यावरचे मास्तर म्हणाले, “काय हो, यमाईच्या डोंगरावर वल्हवत जायचंय का?” कुणी म्हणालं, भवानी म्युझियमला देऊन टाका, रविवर्म्याच्या चित्रांशेजारी शोभेल. भाऊजी गप्प. सगळ्यांचं हसून झाल्यावर एवढंच विचारलं त्यांनी, “मास्तर, आपली येरळा कृष्णेला मिळते कुठं?” मास्तर म्हणाले, “ब्रह्मनाळला.” म्हणाले मात्र, आणि चेहरा असा उतरला हो त्यांचा! २०१९ चा ऑगस्ट कोण विसरलंय? सांगलीला आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं, आणि ८ तारखेला ब्रह्मनाळची ती माणसांनी भरलेली बोट उलटली... जाऊ दे. सकाळी सकाळी नको तो विषय.

तर काय सांगत होते, होडी भाऊजींच्या बहिणीच्या गावची, कृष्णाकाठची. मासे धरायला, पुरात वैरण न्यायला वापरायचे. मग गोठ्यामागं पडली ती पडलीच. मेहुणे भंगारात घालत होते, भाऊजी म्हणाले मला द्या. माणसाचा जन्म गेला किर्लोस्करवाडीला कारखान्यात, रिटायर झाल्यावर हात स्वस्थ बसतील होय?

आल्या दिवसापासनं नुसतं टकटक, टकटक. हातात नाणं घेऊन होडीभर वाजवत फिरायचे. मी विचारलंच शेवटी. तर म्हणाले, टणटण वाजलं की थर एकजीव आहेत, भदभद वाजलं की आतनं सुटलेत. मागची उभी फळी असते ना, जिला इंजिन टांगतात, ती पार भद! बारीक भोक पाडलं तर तपकिरी पाणी ठिबकायला लागलं, आणि वास म्हणजे... पदर लावला मी नाकाला. वरनं फायबर ठणठणीत, आत प्लायवूड कुजलेलं. फायबर कुजत नाही म्हणे, आतलं लाकूड कुजतं. एखाद्या जुन्या भोकातनं पाणी आत शिरलं की झालं.

आणि बाकाखाली फोम भरलेला असतो. होडीत पाणी भरलं तरी तिनं बुडू नये म्हणून तो. तो बाहेर काढला तर चहात बुडवलेल्या पावासारखा! एकेक तुकडा उचलताना भाऊजी वाकत होते. म्हणजे बघा, जो तरंगवायचा तोच ओझं होऊन बसलेला.

पण खरी मजा पुढंच. जुना भाग ग्राइंडरनं घासायला काढला, तोंडाला मास्क, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, सगळं रीतसर. वारं कुठनं येतंय तेवढं नाही बघितलं! दोरीवर वहिनींच्या सासूबाईंचं नऊवारी वाळत होतं. काचेचीच की हो ती पूड. म्हातारी तेच नेसून देवळात गेली आणि ऐन आरतीत... काय सांगू! एक हात टाळीला, एक हात खाजवायला. वहिनी हसाव्यात की रडाव्यात! त्यात कुणीतरी गरम पाण्यानं आंघोळ घाला म्हणालं, त्यानं आणखी आत बसतं ते. आधी गार पाणी भरपूर ओतायचं असतं.

मग ते रेझिन. त्यात हार्डनर शेकड्याला एक-दोन भाग, बस्स. काचेची मॅट अंथरायची, वर ब्रशनं रेझिन पाजायचं, रोलरनं हवेचे बुडबुडे काढायचे, की दुसरा थर. भाऊजींनी नेमकं भर उन्हात, दुपारी कालवलं, आणि तेही वहिनींच्या लोणच्याच्या मगात. चार हात मारतात तोवर मग गरम, मग धूर, मग दगड! ब्रश आत उभाच्या उभा. वहिनींनी तो मग तसाच नेऊन टीव्हीवर ठेवलाय, आल्यागेल्याला दाखवायला. तेव्हापासनं भाऊजी पहाटे उठून थर देतात. आपल्या औंधचे राजे बाळासाहेब महाराज असते तर म्हणाले असते, उठलाच आहेस तर आधी सूर्यनमस्कार घाल!

हो, आणि त्या रेझिनसाठीच कोबाल्ट म्हणून एक जांभळी बाटली आहे. ती आणि हार्डनर एकमेकांत नुसतं ओतलं तर भडकाच उडतो. एक बाटली अंगणात, दुसरी माडीवर, अशी वहिनींनी वाटणी करून दिलीय. नातवंडांना दोन्हीकडं बंदी.

गळती बघायला होडीत पाणी भरायचं म्हणाले, तर घरात महाभारत. “प्यायला टँकर मागवायचा आणि ह्यांच्या होडीला पाणी?” वहिनींचा आवाज आमच्या चुलीपर्यंत. पण यमाईची कृपा बघा, वळवाचा पाऊस झाला आणि होडी आपसूक चार बोटं भरली. भाऊजी खाली चटईवर उताणे पडून टॉर्च मारतायत, अंगावर छत्री. थेंब नाही गळला.

मेहुणे बघायला आले, खूश. म्हणाले, “पंधरा माणसं आरामात बसतील.” भाऊजींनी काही उत्तर दिलं नाही. आत गेले, लाल ऑइलपेंट आणला आणि त्यांच्या देखत दोन्ही अंगांना हातभर अक्षरात लिहिलं: माणसे ६. मेहुणे म्हणाले, अहो दहा तरी लिहा. भाऊजी म्हणाले, “सहा. सातवा बसणार असेल तर होडी इथंच राहील, मी त्यात कोंबड्या पाळीन.” मेहुण्यांनी चहा अर्धा ठेवला हो!

आता इंजिनाचं घोडं अडलंय. वहिनी म्हणतात एफडीला हात लावायचा नाही. पण भाऊजी काल फोनवर कुणाला सांगत होते, मी काही कान देऊन ऐकत नव्हते, कपडे वाळत घालत होते... दुसरी एक आहे म्हणे, याहून मोठी, तळाला भोक पडलेली. सोमवारी ट्रॉली येतेय. वहिनींना अजून पत्ता नाही.