आमच्यात जेवण नाही व्हय?

माझा पुतण्या आयर्लंडमध्ये गॉलवेला नोकरी करतो. गाव समुद्रकाठचं आणि पावसाचं. मध्यंतरी फोनवर तो तिथल्या खाण्याचं वर्णन करत होता. १९०२ पासून चाललेलं मॅकडोना मंडळींचं तळलेल्या माशांचं दुकान, १३२० साली बांधलेल्या सेंट निकोलसच्या चर्चला लागून भरणारा शनिवारचा बाजार, सप्टेंबरात कालवांचा उत्सव. कालवं म्हणे लिंबू पिळून कच्चीच गिळतात. मी फोन कानापासून जरा लांब धरला.

तेवढ्यात त्यानं विचारलं, "काका, आपल्या गारगोटीत तुम्ही बाहेर जेवायला कुठं जाता?"

मी गप्प झालो. गारगोटीत जागा नाहीत असं नाही. तालुक्याचं गाव आहे. एसटी स्टँडच्या आसपास सकाळी सातपासून वड्याचा घाणा सुरू होतो. मिसळ मिळते, ती ब्रेडच्या स्लाइसबरोबर, कारण पावाबरोबर मिसळ खाणारा माणूस आमच्याकडे पुण्याकडचा समजला जातो. मटणाच्या खानावळी आहेत. पण गॉलवेत माणूस बाहेर जेवतो तेव्हा फक्त जेवतो. गारगोटीत बाहेर जेवणं ही बातमी असते.

सांगतो कसं ते. एकदा बँकेचं काम लांबलं, भूक लागली, म्हणून एका हॉटेलात मिसळ मागवली. पहिला घास तोंडात जायच्या आत समोरून सायकल गेली. सायकलवर आमच्या आत्याच्या शेजारचा मुलगा. संध्याकाळी आत्याचा निरोप आला, "गावात यायचं आणि हाटेलात खायाचं? आमच्यात जेवण नाही व्हय?" हे 'आमच्यात' म्हणजे 'आमच्या घरी'. कोल्हापूरच्या बोलीत घर आणि घरातली माणसं एकाच शब्दात बसवलेली आहेत, त्यामुळं ताटाला नाही म्हटलं की सगळं घर रुसतं. मी पुढचे दोन रविवार आत्याकडे जेवलो, तेव्हा कुठं प्रकरण मिटलं.

विद्यार्थीदशेत हा धोका नव्हता. तेव्हा बाहेर जेवायला पैसेच नव्हते. जे. पी. नाईकांनी गारगोटीत मौनी विद्यापीठ उभं केलं आणि भुदरगडच्या वाड्यावस्त्यांवरची पोरं इथं शिकायला आली. आम्ही त्यातलेच. गावाकडून एसटीनं डबा यायचा. कंडक्टर नाव पुकारायचा आणि आम्ही डब्याच्या वजनावरून आईचा मूड ओळखायचो. भाकरी, झुणका, एखाद्या दिवशी रश्श्याची बारकी किटली, तीही फडक्यात तीन गाठी मारून. विद्यापीठाला नाव पाटगावच्या मौनी महाराजांचं, पण त्या किटलीवरून आम्ही जो आरडाओरडा करायचो तो बहुधा पाटगावपर्यंत ऐकू जात असेल.

आता मटणाच्या ताटाविषयी. बाहेरच्यांना वाटतं की तांबडा रस्सा तिखट म्हणून खरा कोल्हापुरी. मला विचाराल तर स्वयंपाक्याची परीक्षा पांढऱ्यात होते. तांबड्यात चटणी सगळं झाकून घेते. कांदा-लसूण, संकेश्वरी मिरची आणि वर्षभराचं तळतळणं, सगळं त्या चटणीत असतं. पांढऱ्यात लपायला जागा नाही. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, तीळ, खसखस, खडे मसाले, एवढंच. पाणी पातळ झालं तर पहिल्या घोटाला कळतं. दूध घातल्यावर उकळी येऊ दिली तर फाटतं, आणि मग मालक "आज गर्दी लई हाय" म्हणतो. वाटीत हा रस्सा पितात, भातावर घ्यायचा नसतो. भात आमच्या भागाचा असेल तर मात्र मी नियम मोडतो. शेजारच्या आजऱ्याच्या घनसाळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वासाच्या भातावर पांढरा रस्सा ओतला की कागद न बघताही मानांकन पटतं.

पण खानावळीतला खरा विनोद पाटीवर असतो. 'घरगुती पद्धतीचे जेवण मिळेल.' माणूस घरातून निघून, पायात चपला घालून, पैसे खिशात टाकून बाहेर पडतो, आणि पाटी त्याला सांगते की घरासारखंच मिळेल. बरं, आत गेल्यावर मालकीणबाई वाढता वाढता म्हणते, "आणखी घ्या की, लाजताय कशाला?" म्हणजे आत्याचाच प्रयोग, फक्त शेवटी बिल. पुतण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "काका, मला तेच पाहिजे. इथं भारतीय हॉटेलात तांबडा सोडा, चटणी हा शब्दच हिरव्या पातळ पाण्याला वापरतात."

मे महिन्यात तो आला. पहिल्याच दुपारी म्हणाला, "चला, घरी सांगू नका, मटण खाऊ." बायकोला बाजारातून येतो असं सांगून आम्ही दोघं गुपचूप निघालो. स्टँडपासून जरा बाजूची, आत्याच्या गल्लीपासून लांबची खानावळ मुद्दाम निवडली. कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून बसलो. ताटं आली. पुतण्यानं वाटी उचलली, डोळे मिटले, गॉलवेचा सगळा पाऊस त्या वाफेत विरला असावा.

मालक रश्श्याचं भांडं घेऊन आमच्याजवळ आला. पळी भरली, वाटीवर धरली आणि माझ्याकडं निरखून बघत विचारलं,

"वैनी म्हायेराला गेल्यात व्हय?"