गायब! अटी लागू

वर्ष-दोन वर्षांनी एक बातमी हमखास येते. 'अदृश्य करणारा झगा तयार!' सोबत हॅरी पॉटरचा फोटो. झग्याचा फोटो नसतो. अदृश्य झग्याचा फोटो कसा निघणार, हे वाचकाने आपलं आपण समजून घ्यायचं.

सुरुवात २००६ची. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे जॉन पेंड्री आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी गणित मांडलं. नदीतल्या खडकाला वळसा घालून पाणी पुढे पुन्हा एक होतं, तसा प्रकाश वस्तूला टाळून पुढे जाईल असं आवरण करायचं. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात ते करूनही दाखवलं. तांब्याचं पाच सेंटिमीटर व्यासाचं नळकांडं, भोवती सर्किट बोर्डाच्या पट्ट्यांची दहा कडी, कड्यांवर तांब्याची चिमुकली नक्षी. नळकांडं गायब!

कोणापासून? मायक्रोवेव्हपासून.

तुम्हा-आम्हाला नळकांडं, कडी, खालचं टेबल, सगळं ढळढळीत दिसत होतं. दिसत नव्हतं ते फक्त लहरींना, त्याही एकाच वारंवारितेच्या. आणि त्यांच्यापुरतीही सावली फिकी झाली होती, पुसली गेली नव्हती. शास्त्रज्ञांनी हे सगळं शोधनिबंधात प्रामाणिकपणे लिहिलं. मथळ्यात तेवढी जागा नव्हती.

एकाच वारंवारितेवर का अडलं? वळसा घालून आलेली लहर सरळ आलेल्या लहरीच्या जोडीनेच पोहोचायला हवी. वाट लांबची, वेळ तेवढीच. म्हणजे वळणावर तिला प्रकाशाच्या वेगाच्याही पुढे पळवायचं. आइन्स्टाइनला न दुखवता हे जमतं, पण अगदी अरुंद पट्ट्यात. सगळे रंग एकदम पळवायला गेलं की गणित हात टेकतं.

म्हणजे एका रंगात गायब झालेला माणूस दुसऱ्या रंगात उभाच. 'मिस्टर इंडिया'तला अनिल कपूर लाल उजेडात दिसायचा, हे १९८७ साली कोणाला विचारून ठरवलं होतं?

२०१५ साली बर्कले विद्यापीठाच्या मंडळींनी खऱ्या लाल प्रकाशात बाजी मारली. सोन्याच्या कणांची ८० नॅनोमीटर जाडीची कात. तिच्याखाली लपवलेली वस्तू ३६ मायक्रॉनची.

साध्या डोळ्यांना तशीही दिसली नसती.

रॉचेस्टर विद्यापीठाचा २०१४चा प्रयोग त्या मानाने सरळ. चार भिंगं ठराविक अंतरावर मांडायची, मध्ये हात घालायचा. हात दिसत नाही, मागची भिंत दिसते, सगळ्या रंगांत दिसते. फक्त हात बरोबर मधोमध न्यायचा नाही, तिथे तो दिसतो. कडेने लपायचं, आणि बघणाऱ्यानेही फार बाजूला सरकायचं नाही. इतका समजूतदार पहारेकरी कुठे मिळतो?

आता समजा, परिपूर्ण झगा मिळालाच. सगळा प्रकाश वळसा घालून गेला, म्हणजे आतल्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत कवडसाही आला नाही. चोर बँकेत शिरेल खरा, पण तिजोरी चाचपडत शोधेल. एच. जी. वेल्सच्या अदृश्य माणसाचीही हीच अडचण होती. पारदर्शक डोळ्यांत प्रतिमा उमटणार कशावर? १८९७पासून वाचक हे पोटात घालत आले आहेत.

तर मग हा सगळा खटाटोप फुकट? मुळीच नाही. खरं गिऱ्हाईक आहे रडार. आयआयटी कानपूरने २०२४ साली 'अनालक्ष्य' नावाचं कापड पुढे आणलं. इथे लहरींना वळसा घालायला लावायची भानगडच नाही, सरळ गिळून टाकायच्या. परत काही गेलंच नाही, तर रडार बघणार काय? हे काम कमी जादूचं आणि जास्त कामाचं.

दुर्बीण लावून बसलेल्या माणसाला मात्र कापडाने झाकलेला रणगाडा कापडाने झाकलेल्या रणगाड्यासारखाच दिसेल.