भिडू जावई असेल तर

वर्षभर गावोगावच्या गणपतीच्या मूर्ती घडवणारं पेण जागरणाच्या रात्री सतरंजीवर पत्त्यांचा मेंढीकोट मांडून बसतं. समोरच्या भिडूशी सहकार्य कसं करावं, याचं हे शास्त्रोक्त मार्गदर्शन. आमचे भिडू रोह्याचे दाजी. घरच्या जावयावर ओरडता येत नाही, म्हणून शास्त्र लिहावं लागतं.

नियम पहिला. भिडूचा हात होत असेल तर त्यावर आपलं मोठं पान मारू नये. भिडूने बदामचा राजा टाकला आणि एक्का तुमच्याकडे आहे, तर त्या राजाला हुकमाशिवाय कुणी मारू शकत नाही. मग बदामची दश्शी असेल तर खुशाल घालावी. दश्शी म्हणजेच मेंढी; चारांतली एक घरात आली. दाजी राजावर एक्का मारतात आणि वर म्हणतात, "हात आपलाच झाला ना!" झाला हो. पण एका हातात दोन हात गेले, आणि दश्शी पुढच्या फेरीला विरुद्ध पार्टीच्या राणीखाली गेली.

नियम दुसरा. हुकूम मोजावेत. तेराच असतात. दाजी रोह्याहून येताना निडी, नागोठणे, कासू अशी स्टेशनं बिनचूक मोजतात. हुकूम मात्र मोजत नाहीत.

कट हुकुमात उतारीचा रंग ज्याच्याकडे नाही, त्याने टाकलेलं पान हुकूम ठरतं. तिथे ज्या रंगाची पानं जास्त, त्यातलं टाकावं. दाजींना हातातल्या एकट्या पडलेल्या किलवरची दया येते.

खुणा पानांनीच कराव्यात. ब्रिजमध्ये बचाव करणारे भिडू तसंच बोलतात: उतारीवर मोठं पान टाकलं की 'हाच रंग परत आण', लहान टाकलं की 'नको'. खोकणं, नाक खाजवणं वर्ज्य. १९७५ साली बर्म्युडातल्या जागतिक स्पर्धेत इटलीच्या एका जोडीवर पायाने खुणा केल्याचा आरोप झाला आणि टेबलाखाली आडोसा करावा लागला. मांडी घालून बसणाऱ्यांना तो खर्च नाही. आमच्याकडे दाजींनी नव्वी टाकली, मी आनंदाने तोच रंग परत आणला आणि हात गेला.

"दाजी, नव्वी का टाकलीत?"

"पुढे होती."

डाव संपल्यावर चिकित्सा करू नये. ताई आतून ऐकत असते.

तरी रात्री अडीचला बाकीचे पेंगू लागले की पानं पिसायला दाजीच जागे असतात, आणि चहाही तेच टाकतात. माणूस सोन्यासारखा आहे. पेण-रोहा पट्ट्यात कुणी चांगला गडी रिकामा असेल तर कळवा. दाजींना आपण समोरच्या पार्टीत देऊ.