त्रेचाळीस इंच, प्लस-मायनस

भोसरीत माणूस कसाही असो, मापात असतो. जे ब्लॉकमधल्या आमच्या शॉपमध्ये बुशचा बोअर वीस मायक्रॉनने मोठा निघाला की बुश लाल ट्रेमध्ये जातो आणि त्याच्या मागोमाग ऑपरेटर माझ्या टेबलापाशी येतो. "साहेब, वीस मायक्रॉनचं काय एवढं घेऊन बसलाय? गाडी चालवणाऱ्याला कळणारे का?" मी क्वालिटीवाला. मला बोलायचा पगार नाही, ड्रॉइंगवर बोट ठेवायचा आहे. बोट ठेवलं की तो जातो. पण हाच माणूस दसऱ्याला टीव्ही घेतो तेव्हा त्याला विचारा, भिंत किती फूट, सोफा किती लांब, टीव्हीच्या मागे पिना किती? उत्तर एकच असतं, "पंचावन्न आहे!"

पंचावन्न म्हणजे या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, तिरकं. पडदे सोडले तर कर्ण मोजून विकलं जाणारं दुसरं काही मला माहीत नाही. स्टीलच्या दुकानात प्लेट घ्यायला जाऊन तुम्ही कर्ण सांगितलात, तर दुकानदार आधी तुम्हाला बसायला खुर्ची आणि मग प्यायला पाणी देईल.

आमच्या पट्ट्यात टीव्हीला हंगाम असतो. खंडेनवमीला मशिनांना झेंडूचे हार पडतात, टेल्कोचा बोनस जाहीर होतो (कंपनीचं नाव टाटा मोटर्स होऊन वीस वर्षं उलटली, पण बोनस अजून टेल्कोचाच होतो), आणि आळंदी रोडला छोट्या टेम्पोंमधून उभे खोके झुलत निघतात. 2025 च्या नवरात्रात तर सरकारनेच हातभार लावला. 2019 च्या जानेवारीपासून बत्तीस इंचांपर्यंतच्या टीव्हीला 18 टक्के जीएसटी होता आणि त्याच्या वर 28. मध्यमवर्ग कुठे संपतो याचं इतकं नेमकं माप दुसऱ्या कुठल्या खात्याने दिलेलं नसेल. 22 सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, बत्तीसच्या वरच्यांनाही 18 टक्के झाले आणि आमच्या सोसायटीतले सगळे बत्तीस इंच एका रात्रीत म्हातारे झाले.

आमचाही झाला. चिरंजीव म्हणाले, यावर पुणेरी पलटणची चड्डीसुद्धा ओळखू येत नाही. भोसरीत कबड्डी दिसत नाही म्हणजे घरात गॅस नाही म्हणण्यासारखंच. ठराव त्याच रात्री मंजूर झाला.

माझ्या लहानपणी टीव्ही निवडायचा नसे, तो आणला जाई. निवडायची ती अँटेनाची दिशा. मुंबई दूरदर्शन 1972 च्या गांधीजयंतीला सुरू झालं, आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून ते पुण्याला दिसायला लागलं. त्यानंतर कित्येक वर्षं लांडेवाडीतल्या पत्र्यांवर अ‍ॅल्युमिनियमचे सांगाडे सिंहगडाकडे तोंड करून उभे असायचे. दादा पत्र्यावर, मी दारात, आई टीव्हीसमोर. दादा वरून विचारत, "आलं का?" आई आतून म्हणे, "मुंग्या आल्यात." मी दारातून ओरडे, "मुंग्या!" दादा पाइप थोडा फिरवत. "आता?" "एका माणसाची दोन माणसं झालीत!" कावळा बसला की बातम्या तिरक्या होत. पण त्या बिघाडाला पायऱ्या होत्या. थोडं वाईट, बरंच वाईट, क्रिकेट असेल तर चालवून घेण्याइतकं वाईट. प्लस-मायनस होतं. हे लक्षात असू द्या, पुढे वायरीच्या वेळी लागेल.

दुकानात गेलो. भिंतभर टीव्ही आणि सगळ्यांवर एकच पोपट. मग मध ओतला जातो, मग बर्फाचे डोंगर, मग पुन्हा पोपट. माझ्या घरी यातलं काही लागत नाही. आमच्याकडे लागते ती मालिका, आणि तीत निम्मा वेळ दिवे गेलेले असतात. मी सेल्समनला म्हणालो, "पोपट बंद करून जरा आठ वाजताची मालिका लावा." तो म्हणाला, "सर, डेमो मोड आहे." डेमो मोड म्हणजे उजेड आणि रंग शेवटच्या खाचेपर्यंत पिळलेले. शोरूमच्या ट्यूबलाइटांना पुरून उरायचं तर ते लागतंच, पण घरी तसाच ठेवला तर समोर बसून कांदेपोह्यातली हळदसुद्धा डोळ्यांत खुपेल.

त्याने पोथी सुरू केली. एलईडी, क्यूएलईडी, मोशन दोनशेचाळीस. मी म्हणालो, एलईडी म्हणजे एलसीडीच ना, मागचा दिवा तेवढा एलईडीचा? तो म्हणाला, हो. क्यूएलईडी म्हणजेही तेच, दिव्यापुढे रंगाचा एक जादा थर? तो म्हणाला, हो, पण बाराशे रुपये कॅशबॅक आहे. आणि मोशन दोनशेचाळीस लिहिलंय, पण पॅनेल सेकंदाला किती वेळा बदलतं? त्याने मागचं स्टिकर वाचलं. साठ. आमच्याकडे ड्रॉइंगवर साठ असताना चलनावर दोनशेचाळीस लिहिलं तर माल गेटवरून परत येतो.

"सर, पण फोर-के आहे," त्याने हुकमाचं पान टाकलं.

इथे मी खिशातून पेन काढलं. बायकोने बाजूच्या मिक्सरांमध्ये रस दाखवायला सुरुवात केली, कारण पेन निघालं की काय होतं ते तिला माहीत आहे. हिशोब असा: त्रेचाळीस इंची पडदा साधारण 950 मिलिमीटर रुंद. फुल एचडीचे त्यात 1920 ठिपके, म्हणजे एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. फोर-केचे 3840, म्हणजे पाव मिलिमीटरचा. नुसत्या एचडी रेडीचे 1366, म्हणजे 0.7 चा. आता निरोगी डोळ्याला अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखू येतो. आमचा सोफा भिंतीपासून नऊ फुटांवर. नऊ फुटांवरून हा साठावा भाग होतो 0.8 मिलिमीटर. म्हणजे सोफ्यावर बसलेल्या माणसाला एचडी रेडी, फुल एचडी आणि फोर-के यांचे ठिपके सारखेच, कारण तिन्ही दिसतच नाहीत. फोर-केचा ठिपका वसूल करायचा तर टीव्हीपासून तीन फुटांवर बसावं लागेल, आणि तिथे आमचा टीपॉय आहे.

बरं, सेटटॉप बॉक्समधून येतं काय? एचडी वाहिनी म्हणजे 1920 गुणिले 1080, वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे ठिपके, तेही एका खेपेला एक ओळ सोडून एक. फोर-के पडद्यावर जागा ब्याऐंशी लाख चौऱ्याण्णव हजार चारशेंची. उरलेले बासष्ट लाख टीव्ही अंदाजाने भरतो. अंदाजाने आकडे भरलेला इन्स्पेक्शन रिपोर्ट सापडला तर आमच्याकडे मेमो मिळतो. इथे त्याला अपस्केलिंग म्हणतात आणि वर पैसे घेतात.

सेल्समनने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, त्रेचाळीसमध्ये स्टॉकला फोर-केच आहे."

बायको मिक्सरांकडून परत आली. तिने पर्समधून शिवणाची टेप काढली. आमच्या टीव्ही युनिटचा खण बेचाळीस इंच रुंद आहे. तिने पडद्याच्या खालच्या कडेला टेप लावली, आडवी. अडतीस. मग पंचावन्नला लावली. साडेअठ्ठेचाळीस. "अहो, हा घ्या," ती म्हणाली, "दोन्हीकडे दोन-दोन इंच राहतात. फडका फिरतो." टॉलरन्स, क्लिअरन्स आणि मेंटेनन्स, तिन्ही एका वाक्यात. बिल झालं.

बिल झाल्यावर, माणूस मनाने सैल पडलेला असताना, ते वायर काढतात. काळ्या मखमलीच्या डबीत. मंगळसूत्र असतं तशी. "सर, एचडीएमआय. गोल्ड प्लेटेड. चोवीस कॅरेट. चोवीसशे नव्व्याण्णव." बायको पहिल्यांदाच पुढे वाकली.

आता सोन्याचं एक आहे. भोसरीत सोन्याचा भाव सराफाला विचारतात, पण सोन्याची जाडी प्लेटिंगवाल्याला. माझा एक मित्र प्लेटिंग करतो. त्याला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, "अरे, त्यावर सोनं असतं मायक्रॉनच्या काही भागाएवढं. गंज चढू नये म्हणून लावतात, आणि ते लावायलाही हवं. पण तुला दिसतंय ते वरच्या पत्र्यावरचं. सिग्नल जातो आतल्या पिनांतून." आतल्या पिना एकोणीस. त्या स्वस्तातल्या वायरीलाही एकोणीसच असतात.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे ती वायर गो-नोगो गेज आहे. भोसरीत हे समजवावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. भोक तपासायचा एक दांडा असतो; एक बाजू आत गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. गेली तर पास, नाही तर नापास. "छान गेली", "रुबाबात गेली" असा शेरा नसतो. वायरीतून जातात ते आकडे, शून्य आणि एक. ते पोचले तर चित्र येतं, अर्धवट पोचले तर चांदण्या चमकतात नाहीतर पडदा काळा. दादांच्या मुंग्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर प्लस-मायनसही गेलं. पोचलेला आकडा सोन्यातून आला म्हणून जास्त लाल होत नाही.

मी हे सांगितल्यावर सेल्समन म्हणाला, "सर, पण ही दोन पॉइंट वन आहे." या बाबतीत परवाना देणाऱ्या संस्थेचाच दंडक असा की आवृत्तीचा आकडा वायरीला लावायचा नाही. तो टीव्हीचा आणि बॉक्सचा. वायरीवर वेगाचा वर्ग असतो: हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड, अल्ट्रा हाय स्पीड. फोर-केला सेकंदाला साठ चित्रांनी अठरा गिगाबिट लागतात, ते मधल्या वर्गात बसतं. तेवढं बघावं आणि लांबी बघावी. दोन-तीन मीटरला कुठलीही धड वायर चालते. दहा-पंधरा मीटर न्यायची असेल तर मात्र स्वस्ताई महागात पडते.

भोसरीच्या नावाने सुरू झालेलं पण उभं नाशिक फाट्यावर असलेलं मेट्रो स्टेशन मला या निमित्ताने उपयोगी पडलं. बसलो, मंडईला उतरलो, चालत तपकीर गल्लीत. पुण्यात विजेवर चालणारी कुठलीही गोष्ट शेवटी तपकीर गल्लीत सापडते. तिथल्या दुकानदाराला विचारलं, वायर कशी आहे? तो म्हणाला, "लागली तर लागली. नाही लागली तर परत आणा." सगळं तंत्रज्ञान त्याने चार शब्दांत संपवलं. तीनशे रुपये.

घरी एक छोटा अडथळा होता. बिल्डरने टीव्हीसाठी भिंतीत पाऊण इंची पाइप टाकून ठेवलाय, ब्रोशरमध्ये त्याला 'स्मार्ट होम' म्हटलंय. पाइपाची आतली मोकळी जागा सतरा मिलिमीटर. मी व्हर्नियर लावला: प्लगचं लोखंडी तोंड 13.9, पण मागचं प्लास्टिकचं डोकं एकवीस. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "डोकं कापतो, वायर ओवतो, पलीकडे परत जोडून देतो." एकोणीस केसाएवढ्या तारा! त्याच्या हातातला कटर मी काढून घेतला. शेवटी बाहेरून पांढरी पट्टी मारली. स्मार्ट होममध्ये सध्या एक मुंगळा राहतो.

आमच्या टीव्हीचं एवढंच. खरी गंमत शेजारी आहे. शेजारचे काका लातूरकडचे, चाकणला सुपरवायझर. त्यांनी त्याच नवरात्रात पंचावन्न इंची फोर-के घेतला. मी बघायला गेलो. नायिका चांगलीच अंग धरलेली वाटली. सासूही. मग अ‍ॅक्वागार्डच्या जाहिरातीतला पेलासुद्धा वाटीसारखा दिसायला लागला, तेव्हा मी टीव्हीच्या मागे डोकावलो. जुना डबा आणि पिवळी-लाल-पांढरी वायर. चार बाय तीनचं चित्र सोळा बाय नऊच्या पडद्यावर ताणून बसवलेलं, म्हणजे प्रत्येक माणूस उंचीला तेवढाच आणि रुंदीला एक तृतीयांशाने जास्त. घरात कुणाची तक्रार नव्हती. काकांच्या आई म्हणाल्या, "मोठ्या टीव्हीत माणसं मोठी दिसणारच की."

काकांनी विनंती केली म्हणून मी एचडीएमआय जोडून दिली. केबलवाल्या पोराने एचडी डबा आणला आणि पॅक समजावलं. 2019 साली ट्रायचे नवे दर आले तेव्हा शंभर वाहिन्यांच्या कोट्यात एक एचडी वाहिनी दोन साध्या धरायचे. काकांनी तो जुना हिशोब उकरून काढून त्याच्याशी अर्धा तास वाद घातला आणि हरले. मग चित्र लागलं. स्वच्छ, बांधेसूद, सासूच्या कपाळावरचा मेकअपचा सांधासुद्धा दिसणारं. नातू टाळ्या वाजवायला लागला.

आजींनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"लेकरा, ह्या पोरीला काय दुखणं आलंय का? कालपर्यंत बरी होती की."

मी समजावलं की ती मूळची अशीच आहे. त्यांना ते पटलं नाही. सासरी सुखात असलेली पोर एका संध्याकाळीत वाळली, याला त्या घरातली सासूच कारण असणार, आणि बगा, तीसुद्धा वाळलीय, म्हणजे घरातच खायचे वांधे. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, असं काकूंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

उपाय सोपा होता. नव्या डब्यातून दोन्ही वायरी एकाच वेळी चालतात. मी पिवळी पिन परत खोचली आणि डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते चार बाय तीन पुन्हा करून दिलं. आता त्यांच्याकडे कबड्डी एचडीएमआयवर असते आणि आठ वाजले की नातू रिमोटने एव्हीवर जातो. महिन्याचे एचडीचे जादा पैसे काका भरतातच. मागच्या आठवड्यात नातू बटण बदलायला विसरला, तर आजी आतून ओरडल्या, "आरं, आजारी लावलीय की तू! जाडी लाव!"