तीन पंख्यांच्या स्वारीस अनावृत पत्र

मा. आरटीएक्स 4090 ग्राफिक्स कार्ड साहेब,
मुक्काम : चिरंजीवांचं टेबल, बोरिवली (पूर्व)



आपण आमच्या वन बीएचकेत पायधूळ झाडलीत, आभारी आहोत. लॅमिंग्टन रोडवरून निघाल्यापासून चिरंजीवांनी लोकलच्या गर्दीत आपला खोका पोटाशी धरून आणला. जन्मदात्याला इतकं जपून आणल्याचं स्मरत नाही.

घरी टेप लावून पाहिली. लांबी 340 मिलिमीटर, वजन दोन किलोंच्या आसपास. मदरबोर्डवर खाच एकच घेता, पण शेजारच्या तीन अडवून बसता. उपनगरात अशांना बिल्डर म्हणतात. शिवाय आडवं बसल्यावर आपलं एक टोक खाली झुकतं, म्हणून चिरंजीवांनी खाली खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली टेकू म्हणून उभी केली आहे. दीड लाखाच्या वर मोजून आणलेल्या पाहुण्याला हे शोभत नाही, पण चालतंय.

आपल्या आकाराचा धाक मात्र फार दिवस टिकला नाही. या सगळ्या पसाऱ्यात काम करणारी चिप जेमतेम 608 चौरस मिलिमीटरची, म्हणजे कॅरमच्या सोंगटीपेक्षाही लहान. तिच्यात साडेसात हजार कोटींहून जास्त ट्रान्झिस्टर आहेत, हे कबूल. उरलेलं सगळं म्हणजे मंत्र्यामागचा ताफा : तांब्याच्या नळ्या, ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची चळत, तीन पंखे. सोंगटीएवढ्या जागेतून 450 वॅटपर्यंत उष्णता निघते. ती पसरायला पात्यांचं क्षेत्रफळ लागतं. ते कमी असेल तर पंखे जोरात फिरवावे लागतात, आणि मग आवाजाने शेजारचे दार वाजवतात. एवढं करूनही नव्वदच्या घरात तापमान गेलं की आपण गुपचूप वेग उतरवता. तेव्हा ताफा हवाच, हे मान्य.

पण आपल्या जातभाईंनी याचा फार गैरफायदा घेतलाय. आरटीएक्स 4060 ची भूक अवघी 115 वॅटची. ते एका पंख्यातही सुखाने नांदतं. तरी त्याला तीन पंखे लावून मिरवतात. आतला सर्किट बोर्ड अर्ध्यावर संपलेला, पुढे नुसत्या पात्या. खेळात फरक पडतो तो थोड्याथोडक्या फ्रेम्सचा. आवाज कमी होतो, एवढंच खरं. काचेच्या कॅबिनेटमधून रुबाब दिसतो त्याचे पैसे वेगळे. उलट आपल्यानंतर, जानेवारी 2025 मध्ये आलेल्या 5090 चं एनव्हिडिया कंपनीने स्वतः बनवलेलं रूप पाहा. भूक 575 वॅटची, पण जाडी त्यांच्याच 4090 च्या 61 वरून 40 मिलिमीटरवर. बोर्ड मधोमध लहानसा ठेवला, दोन्ही बाजूंनी हवा आरपार काढली, चिपवर पेस्टऐवजी द्रवरूप धातू घातला. जाडजूड कूलरवाल्या भावंडांपेक्षा ते जरा गरम चालतं, पण चालतं. तेव्हा वीतभर जास्त लांबी म्हणजे जास्त ताकद, हे दुकानातल्या पोराने सांगावं आणि आपण ऐकावं. ताकद वॅटमध्ये आणि चिपमध्ये असते.

मुंबईच्या दमटपणाबद्दल आपण कुरकुर करणार असाल तर ती ऐकून घेतली जाणार नाही. घाम आम्हाला येतो, आपल्याला नाही. पात्यांना फक्त हवेचं तापमान कळतं. खोलीत पाच अंश चढले तर तेवढ्याच कामाला, तेवढ्याच पंख्याला आपणही पाचेक अंशांनी चढता. खरी परीक्षा नागपूरच्या मे महिन्यात, जिथे पारा 45 ला टेकतो. बोरिवलीच्या 34 अंशांत नखरे कसले?

तक्रार वेगळीच आहे. आपली उष्णता जाते कुठे? कॅबिनेटमध्ये. तिथून? चिरंजीव अंधेरीच्या एका स्टुडिओचं व्हीएफएक्सचं काम घरी आणून रात्री रेंडर लावतात. मग खोलीत 450 वॅटचा हीटर रात्रभर चालू. चार तासांत जवळजवळ दोन युनिट आपली, वर तीच उष्णता बाहेर काढायला एसीची वीज वेगळी. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलंय, कारण हॉलमध्ये गाद्या घालायच्या असतात. तिथे आपण स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढता, आणि तीन पंखेही मग शोभेचेच.

त्यात समोर रीडेव्हलपमेंट. परवा पात्यांमधून निघालेला थर धुळीचा नव्हता, करड्या फेल्टचा होता; नखाने सोलला तर अख्खा निघाला. चिरंजीव पंखा बोटाने घट्ट धरून ब्लोअर मारतात, नाहीतर वाऱ्यावर भिरभिरून बेअरिंग जातं म्हणे. इतकी शुश्रूषा घरात दुसऱ्या कोणाची होत नाही.

तरी कप्प्याचं मागचं फळकूट काढून टाकण्याचा ठराव घरात मंजूर झाला आहे. सहकार्य करावे.

आपला,
घरच्या पंख्याच्या रेग्युलेटरचा हक्क गमावलेला गृहस्थ

ता. क. : 5090 आणायची कुजबुज ऐकू येते आहे. त्याला 1000 वॅटचा एसएमपीएस लागतो, आपला 850 चा आहे. ही अडचण पुढे करून मी तूर्त वेळ मारून नेली आहे.