भीती वाटत नसल्याबाबत

प्रति,
मा. जुंजी इतो,
जपान.

विषय : आपल्या भयकथांची भीती वाटत नसल्याबाबत.

महोदय,

मी महाराष्ट्रात दहावीत शिकतो. तक्रार अशी, की भयचित्रकथाकार म्हणून आपलं नाव जगभर असलं तरी आमच्याकडे आपला माल जरा फिका पडतो.

'तोमिए'च घ्या. १९८७ची कथा. (तेव्हा आपण कवळ्या वगैरे बनवणारे दंततंत्रज्ञ होतात, हे ऐकून आमचे बाबा खूश झाले : "बघ, आधी नोकरी!") शाळेच्या सहलीत मुलगी मरते, सर आणि वर्ग मिळून तिचे तुकडे करतात, तरी ती वर्गात परत हजर. पुढे तर तुकड्या-तुकड्यातून नवी तोमिए उगवते आणि त्या एकमेकींच्या जिवावर उठतात. मला जांभई आली. आमच्याकडे २०२२ साली एका पक्षाचे आणि २०२३ साली दुसऱ्याचे दोन तुकडे झाले, आणि प्रत्येक तुकडा म्हणतो, खरा पक्ष आम्हीच. आपल्या तोमिएला चिन्हासाठी निवडणूक आयोगाकडे तरी जावं लागत नाही.

आमचं राज्यशास्त्राचं पुस्तक २०१८ सालचं. त्यात 'राजकीय पक्ष' या धड्यात सगळं अजून एकसंध आहे. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, कोणता गट लिहायचा?" बाईंनी हातातला खडू खाली ठेवला, दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "पुस्तकातलं लिहा. फारच अडलात तर पक्षांतरबंदी कायदा, १९८५, एवढं लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळा."

'उझुमाकी'त फक्त पावसात शाळेत येणारा संथ मुलगा गोगलगाय होतो. शाळा त्याला पिंजऱ्यात ठेवते, खायला घालते. सराव परीक्षा मात्र कोणी घेत नाही. मला त्याचा हेवा वाटला.

'अमिगारा'ची कथा तेवढी मान्य. भूकंपाने डोंगर उघडा पडतो, त्यात माणसांच्या आकाराची भोकं, आणि जो तो आपलं भोक ओळखून आत शिरतो. ती मी सहामाहीच्या आदल्या रात्री वाचली आणि खरंच घाम फुटला. फळ्यावर आपला बैठक क्रमांक शोधणारी पोरं अशीच तर असतात. कुणी ढकलत नाही. उलट आईने हातावर दही-साखर ठेवलेली असते.

पण महोदय, खरी गोष्ट आपल्याकडून राहिलीच आहे. परीक्षेत पहिली घंटा होते, मी अजून दुसऱ्या प्रश्नावर, आणि शेजारचा हात वर करतो : "सर, पुरवणी!" तेव्हा पोटात जे होतं ते आपल्या एकाही चित्रात मला सापडलं नाही.

तरी पुढच्या कथेत पुरवणी मागणारा मुलगा घ्यावा, ही विनंती. चेहरा नको, वर गेलेला हात पुरे. आणि पुस्तक मार्चनंतर काढावं. त्याआधी आई ते घरात येऊ देणार नाही.

आपला कृपाभिलाषी,
अ. ब. क.